नवा प्रिंटर घेताना आधी विचारा, पहिलं काय बिघडणार?

निपाणी भागातल्या एका पतसंस्थेच्या सचिवांनी विचारलंय: "आमच्याकडं एक साधा लेसर प्रिंटर, एलबीपी २९००, बारा-तेरा वर्षं चालला. गेल्या वर्षी त्याला माळ्यावर टाकून दोन नवीन घेतले. एक इंकटँकवाला ऑल-इन-वन, एक वायफायचा छोटा लेसर. आठ महिन्यांत इंकटँकचे दोन्ही लाल दिवे लुकलुकायला लागले, आणि लेसर म्हणतो कार्ट्रिज ओळखता येत नाही. महिन्याला दीड हजार पानं निघतात. आजकालचे प्रिंटर हलक्या दर्जाचेच येतात काय? जुनाच दुरुस्त करू की तिसरा घेऊ? घेतला तर कुठला?"

सचिवसाहेब, तुमचे दोन्ही प्रिंटर बहुतेक बिघडलेलेच नाहीत. थांबलेत. या दोन्हींत फरक आहे आणि आमच्या धंद्यात गेल्या दहा वर्षांत झालेला बदल तोच आहे. पूर्वी मशीन झिजून बंद पडायचं. आता आतला हिशोब संपला की ते स्वतःच थांबतं. मी बेळगावात बावीस वर्षं हीच कामं करतोय. पहिली बारा वर्षं माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि ब्रश असायचा, आता लॅपटॉप आधी निघतो.

इंकटँकचं आधी बघू. दोन्ही दिवे लागले याचा अर्थ मॉडेलनुसार बदलतो. कधी आत कागदाचा तुकडा अडकलेला असतो, कधी शाई फवारणाऱ्या हेडची गाडी अडलेली असते. त्यामुळं कॉम्प्युटरवर काय मेसेज येतो ते आधी नीट वाचा. पण आठ महिन्यांचं मशीन आणि पतसंस्था म्हटल्यावर माझा पहिला संशय वेस्ट इंक पॅडवर जातो. हेड क्लीनिंग केलं की हेडमधून शाई ओढली जाते आणि मशीनच्या बुडाशी असलेल्या स्पंजात जाऊन मुरते. किती शाई गेली याचा हिशोब मशीन ठेवतं. आकडा भरला की काम बंद, कारण पुढं शाई टेबलावर सांडेल.

हा स्पंज साध्या वापरात काही वर्षं टिकतो. आठ महिन्यांत भरला असेल तर तुमच्याकडं कुणीतरी रोज हेड क्लीनिंग मारतंय. संकेश्वरकडच्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. पोरगं सकाळी दुकान उघडायचं, देवाला उदबत्ती लावायचं आणि लगेच तीनदा क्लीनिंग. का रे म्हटलं तर म्हणालं, "सर, न्हाईतर रेघा येऊलालेत की." रेघा का येत होत्या? रात्री जाताना मशीनचं बटण बंद न करता तो सरळ बोर्डावरचं बटण पाडायचा. बटणानं बंद केलं की हेड जाग्यावर जाऊन टोपीखाली बसतं. बोर्डावरून वीज तोडली आणि हेड तेव्हा मधेच असलं तर ते उघडं राहतं, शाई वाळते, सकाळी रेघा. मग क्लीनिंग, मग पॅड भरणं. एका बटणाच्या सवयीपासून सगळं सुरू झालेलं.

आपल्याकडं हेस्कॉमची वीज अधूनमधून जातेच. इंकटँकला म्हणून छोटा यूपीएस जरूर द्या. ही मशीनं छापताना पंधरा-वीस वॅटच्या आसपास घेतात, यूपीएसवर भार काहीच नाही. लेसर मात्र त्याच यूपीएसला लावू नका. त्याचा फ्यूजर, म्हणजे शाईची पूड कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना क्षणभर पाचशे-हजार वॅट ओढतो आणि सहाशे व्हीएचा यूपीएस तेवढ्यात कोलमडतो. यूपीएस खराब आला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात, तेव्हा निम्म्या वेळा मागं लेसर जोडलेला सापडतो.

पॅडवर उपाय काय? काही वरच्या मॉडेलांत ही शाई एका सुट्या डब्यात जाते, डबा आपण स्वतः बदलायचा. तुमच्या मॉडेलमध्ये तो नसेल तर पॅड बदलून आतला आकडा शून्यावर आणावा लागतो. नुसता आकडा शून्य करून देणारे बरेच भेटतील. ते स्वस्त पडतं आणि चार-सहा महिन्यांनी टेबलावर काळं तळं साचतं. आणि इंटरनेटवरून रिसेटरचं सॉफ्टवेअर उतरवून ते संस्थेच्या कॉम्प्युटरवर चालवू नका. त्यात सभासदांची खाती आहेत. अशा रिसेटरमधून व्हायरस शिरलेले दोन कॉम्प्युटर मी पुसून नव्यानं लावून दिलेत.

आता लेसर. कार्ट्रिजवर चिप असते. ती मशीनला सांगते मी कोण, माझी किती पानं झाली. वायफायवर असलेलं मशीन रात्री आपणहून नवीन फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, उतरवून घेतं आणि कालपर्यंत चाललेली बाहेरची चिप आज नाकारतं. तुमच्याकडं कुणी कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं, कार्ट्रिज घातलं असेल तर हेच झालंय. मूळ कार्ट्रिज आणि मूळ चिप ठेवून नुसता टोनर, म्हणजे शाईची पूड, भरला असेल तर बऱ्याच मशीनवर चालतं. फार तर टोनर संपला असं दाखवत राहतं, छापतं मात्र. म्हणून मूळ कार्ट्रिज फेकू नका, ते कचऱ्यात गेलं असेल तर शोधा. सेटिंगमध्ये ऑटो अपडेट बंद करायची सोय असेल तर करा. सगळ्यांत नसते. आणि घेतानाच अट वाचा. एचपीनं २०२० मध्ये एचपी प्लस नावाची योजना आणली, तिच्यात मशीन कायम इंटरनेटला जोडलेलं हवं आणि कार्ट्रिज मूळच हवं, असं आपण मान्य करून बसतो. कंपनी हे लपवत नाही. वाचायचा कंटाळा आपल्याला.

हे सगळं असं का झालं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचा प्रिंटर घेताना उपयोगी पडेल.

एचपीचा पहिला लेसरजेट १९८४ चा. त्याचं इंजिन, म्हणजे आतली छापणारी यंत्रणा, कॅननचं होतं, आणि पुढं कितीतरी वर्षं छोट्या लेसरचा तोच शिरस्ता राहिला. त्यामुळं एचपीचा १०२० आणि तुमचा कॅननचा एलबीपी २९०० आतून जवळपास भाऊभाऊ. एकाला १२ए कार्ट्रिज, दुसऱ्याला ३०३, रचना तीच, आणि चिप कुणालाच नाही. आमची पिढी या एका कार्ट्रिजवर शिकली. ड्रम (पानाची प्रतिमा धरणारा दंडगोल), पीसीआर (त्याला चार्ज देणारा रोलर), वायपर ब्लेड, डॉक्टर ब्लेड, मॅग रोलर, डोळे झाकून बसवायचो. बेळगावात सकाळी सुटा भाग घेतला की दुपारी खानापुरात मशीन चालू. तुमचा जुना बारा वर्षं चालला याचं अर्धं श्रेय त्या मशीनला आणि अर्धं या सुट्या भागांच्या बाजाराला.

मग २०१७ मध्ये एचपीनं सॅमसंगचा प्रिंटरचा धंदा विकत घेतला. नाव एचपी, पण आत सॅमसंगच्या घराण्याचं इंजिन, असे छोटे लेसर आले. माझी फजिती इथंच झाली. त्या घराण्यातलं पहिलं कार्ट्रिज माझ्याकडं भरायला आलं तेव्हा टोनर टोनरच की, म्हणून मी १२ए चाच टोनर ओतला. दोघांचा टोनर चार्ज होण्याची पद्धतच वेगळी. अख्ख्या पानावर राखाडी पडदा आला आणि गिऱ्हाइकाला नवीन कार्ट्रिज माझ्या पैशानं द्यावं लागलं. तेव्हापासून वरचं नाव वाचत नाही, झाकण उघडून इंजिन बघतो.

आणि हे एकत्र होणं थांबलेलं नाही. रिको आणि तोशिबा टेकनं मोठ्या ऑफिस मशीनच्या आतल्या भागांसाठी २०२४ मध्ये एकत्र कंपनी काढली. झेरॉक्सनं २०२५ मध्ये लेक्समार्क घेतली. एप्सननं २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२६ पर्यंत लेसर विकणं बंद करून फक्त इंकजेटवर राहणार. कागद कमी छापला जातोय, म्हणून कारखाने हात मिळवतायत. तुम्हाआम्हाला याचा अर्थ एवढाच की दुकानात नावं दहा दिसतील, आत इंजिनं मोजकी असतील. ज्या इंजिनाचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात ते घ्यायचं.

म्हणून कुठला प्रिंटर चांगला असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, या मशीनचं पहिलं काय बिघडणार, ते केवढ्याला येतं आणि कोण किती दिवसांत बदलून देणार? दुकानदाराला हे विचारून बघा. पानाला किती पैसे पडतात ते तो पाठ म्हणून दाखवेल, या प्रश्नाला बराच वेळ डोकं खाजवेल.

तुमच्याच आकड्यावर करून दाखवतो. महिन्याला दीड हजार पानं. टोनर टाकीसारखा भरायचा लेसर एचपीनं २०१९ मध्ये आणला, लोक त्याला लेसर टँक म्हणतात. एका रिफिल किटमध्ये २,५०० पानं, म्हणजे तुम्हाला दीडेक महिना. स्वस्त वाटतं, आणि टोनरपुरतं खरंच आहे. पण त्याचा ड्रम २०,००० पानांचा धरलेला असतो. तुमच्या हिशोबानं तेरा महिने. म्हणजे वॉरंटी संपता संपता ड्रमचा खर्च दारात. ब्रदरच्या छोट्या लेसरमध्ये टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा असतो, ड्रमचं आयुष्य साधारण १२,००० पानं, तुम्हाला आठ महिने. याचा अर्थ ही मशीनं वाईट असा नाही. दोन्ही मी लावून दिलीत, चाललीत. फक्त ड्रमची किंमत त्या हिशोबात धरलेली नसते, म्हणून फसल्यासारखं वाटतं. १२ए चा ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, नवीन कार्ट्रिजबरोबर नवीन ड्रम येतो. २,००० पानांना तो खर्च आधीच भरलेला.

त्यातही हे कंपनीचे आकडे पानाच्या पाच टक्के जागेवर शाई धरून काढलेले असतात. तुमचा कर्जाचा फॉर्म, चौकटी, खालीवर शिक्के आणि गच्च कन्नड मजकूर असेल तर पाच टक्के कुठले? दहाच्या पुढं जातं. आणि पतसंस्थेत एकेक पावती, एकेक पान निघतं. दर वेळी ड्रम आधी फुकट फिरतो, मग छापतो, मग परत फिरतो. वीस पानं एका दमात काढणाऱ्याचा ड्रम जास्त टिकतो.

टोनर वाचवायला इकॉनॉमी मोड लावला असेल तर सरकारी खात्याला जाणाऱ्या कागदांपुरता तो काढा. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बारीक होऊन खाली लटकतं, ते आधी पुसट होतं. आपल्या मराठीत रफार आणि अनुस्वार. एकदा एका नोटिशीतला अनुस्वार असा उडाला की सभासदाचं आडनावच बदललं, आणि तो सभासद संचालकांचा पाहुणा निघाला. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

पावत्या आणि पासबुक मात्र लेसरवर घेऊच नका. कार्बन कॉपी लागते तिथं डॉट मॅट्रिक्सच. पिना कागदावर आपटतात म्हणून खालच्या प्रतीवर उमटतं, लेसर आणि इंकजेट कागदावर तसं काही आपटत नाहीत. लोक त्याच्या किरकिरीला हसतात. पण ट्रान्सपोर्टवाल्यांकडं आणि सोसायट्यांत मी अजून रिबन पोचवतोय. इंकटँकची आणखी एक गोष्ट, काही मशीनची काळी शाई पिगमेंट असते, म्हणजे बारीक रंगकणांची, काहींची डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. डायवर पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरतं. करारपत्र त्यावर काढायचं की नाही ते बाटलीवरचं वाचून ठरवा.

आता निपाणीची खास गोष्ट, तंबाखू. वखारीच्या शेजारच्या ऑफिसात मशीन उघडलं की आत तपकिरी भुकटीचा थर असतो. ती पिकअप रोलरच्या रबरावर बसते, रबर गुळगुळीत होतं आणि मशीन कागद ओढत नाही. लोकांना वाटतं मोटर गेली. ओल्या फडक्यानं रोलर पुसला की बहुतेक वेळा काम होतं. स्पिरिट वारंवार लावलं तर रबर कडक होतं, म्हणून साधं पाणीच. रात्री मशीनवर कापड टाका, ट्रेमधला कागद काढून ठेवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं नेमकं उलटं. तिथं पावसाळ्यात कागद ओल धरतो, कुरळा होतो, आणि लेसरमधून निघताना वाफ येते. अक्षर फिकं, कागद अडकतो. तिथं मी नवीन पार्ट टाकायच्या आधी न फोडलेल्या रिममधला कागद लावून बघतो. जून ते सप्टेंबर माझे निम्मे कॉल तिथंच मिटतात. हे मी फुकट सांगतो म्हणून घरी बोलणी खातो.

छापून येणारे डाग मोजायची एक सवय लावून घ्या. ठरावीक अंतरावर तोच डाग परत येत असेल तर पट्टी घ्या. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर डाग सुमारे ७५ मिलिमीटरवर परत येतो. अंतर याहून कमी असेल तर कार्ट्रिजमधला दुसरा रोलर किंवा फ्यूजर. फोनवर हे अंतर सांगितलंत तर मी योग्य पार्ट घेऊनच निघेन, दोन फेऱ्या वाचतील.

वॉरंटीबद्दल. तुमच्यापासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण तक्रार नोंदवताना पिनकोड कर्नाटकाचा पडतो, आणि माझ्या अनुभवात कॉल कोल्हापूरला न जाता बेळगाव किंवा हुबळीच्या सेंटरला जातो. माणूस दोन दिवसांनी येतो म्हणतात, चौथ्या दिवशी येतो. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. इंजिनिअर ऑफिसात येणार की मशीन सेंटरला न्यायचं? आणि आपल्या पिनकोडला कोण बघतो? कोल्हापुरात घेतलंत म्हणून बिल वाया जात नाही. तिथून तुमच्या पत्त्यावर बिल झालं तर आयजीएसटी लागतो, इथं सीजीएसटी-एसजीएसटी, एकूण दर तोच १८ टक्के. प्रश्न सर्विसचा आहे. वार्षिक करार करत असाल तर पार्टसकट की पार्ट वेगळे, आणि ड्रम-फ्यूजर त्यात धरलेत की नाही, हे कागदावर घ्या. 'सगळं येतंय की त्यात' हे तोंडी वाक्य फ्यूजर गेल्यावर कुणालाच आठवत नाही.

माळ्यावरचा एलबीपी २९०० खाली काढा. पिकअप रोलर, सेपरेशन पॅड आणि लागली तर फ्यूजरची फिल्म, एवढ्यात तो उभा राहील आणि खर्च नवीन मशीनच्या तुलनेत किरकोळ असेल. अडचण एकच, तो नेटवर्कचा नाही. एका कॉम्प्युटरला लावून बाकीच्यांना शेअर करायची जुनी पद्धत २०२१ पासून त्रासदायक झालीय. त्या वर्षी विंडोजच्या छपाईच्या भागात सुरक्षेचं मोठं भोक सापडलं, ते बुजवणारे अपडेट आले आणि शेअर केलेले प्रिंटर गावोगाव एकदम बंद पडले. ते अपडेट काढून टाकून शेअरिंग चालू करून देणारे भेटतील, संस्थेच्या कॉम्प्युटरवर तसं करू देऊ नका. विंडोज १० चा साधा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं आज ना उद्या तुम्ही ११ वर जाणारच. जुना प्रिंटर एकाच टेबलाला यूएसबीनं थेट लावा, कर्जाच्या टेबलाला. शेअर करू नका.

चिपवाला लेसर मूळ कार्ट्रिजवर परत आणा आणि नेटवर्कची छपाई त्याच्यावर ठेवा. इंकटँकचा पॅड बदलून घ्या आणि तो फक्त स्कॅन, आधारच्या प्रती आणि रंगीत कामाला. दोन-तीन दिवसांतून एक रंगीत पान काढायचं, काम असो नसो. तिसरा प्रिंटर आत्ता घेऊ नका. घ्यायचाच झाला तर पासबुक-पावतीचा डॉट मॅट्रिक्स घ्या, तुमच्याकडं तो नसेल तर.

हे सगळं मशीन न बघता सांगतोय. तेव्हा एक करा. दोन्ही नव्या मशीनचं स्टेटस पेज काढा. त्यावर आजवरच्या पानांचा आकडा आणि फर्मवेअरचा नंबर असतो. त्याचा फोटो, इंकटँकच्या मेसेजचा फोटो, आणि लेसरमधलं कार्ट्रिज बाहेर काढून चिपच्या बाजूचा एक फोटो इथं टाका. लाल दिव्यांमुळं इंकटँक छापत नसेल तर नुसता मेसेज चालेल. आणि सकाळी मशीन कोण चालू करतं, त्याला जरा विचारून ठेवा.